पापणीची शस्त्रक्रिया : टाका घालावा की काप घ्यावा?



बोरीवर डोळा भरायचा की आंब्याचे कोय कलम करायचे, हे आपण खुंटाकडे पाहून ठरवतो. शेजाऱ्याने डोळा भरला म्हणून आपणही भरला, असे जाणता शेतकरी कधी करत नाही. खुंटाची साल सुटते का, त्यात रस किती आहे, जाडी किती आहे, हे आधी पाहायचे आणि मग चाकू हातात घ्यायचा. माणसाच्या डोळ्याच्या पापणीचेही नेमके तसेच आहे. पापणीवर करायच्या शस्त्रक्रियेच्या अनेक पद्धती आहेत. कोणती चांगली, असे विचारण्यात अर्थ नाही. या पापणीला कोणती चांगली, असे विचारले पाहिजे.

शेतीखात्यातल्या माणसाने पापणीवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण शिवरे गाव पुणे-सातारा रस्त्याला लागून आहे. पुण्याचे दवाखाने तासा-दीड तासावर आले आहेत आणि त्यांच्या जाहिराती तर हातातल्या मोबाईलवरच आल्या आहेत. ‘बिनकापाची’, ‘लेझरची’, ‘एका तासात घरी’ असे शब्द त्यांत असतात. बांधावर भाताची पाहणी चालू असताना घरधनी हळूच विचारतो, ‘साहेब, पोरीची एक पापणी खाली असते. पुढे लग्नाचे बघायचे आहे. कोणते ऑपरेशन करावे?’ निदान डॉक्टरांनीच करायचे आहे. परंतु डॉक्टरांपुढे बसल्यावर काय विचारावे, एवढे तरी घरच्यांना ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

घडी सांगते पापणीची हकीकत

आरशात पाहा. वरच्या पापणीवर केसांच्या ओळीच्या वर एक आडवी घडी दिसते. ही घडी उगाच पडलेली नाही. डोळ्याच्या खोबणीत मागच्या बाजूने एक स्नायू पुढे येतो आणि पातळ पडद्यासारखा होऊन पापणीतल्या चिवट पट्टीला जोडला जातो. त्याचे काही धागे पापणीच्या कातडीलाही धरलेले असतात. स्नायूने पापणी वर ओढली की कातडी त्या ठिकाणी आत खेचली जाते व घडी पडते.

विहिरीवरची मोट आठवा. स्नायू हा बैल, पातळ पडदा हा दोर आणि पापणी ही मोट. पापणी खाली राहिली तर तीन गोष्टी असू शकतात. बैल अशक्त असेल, दोराची गाठ सुटलेली असेल, किंवा बैल व दोर ठीक असून मोटेवर नको ते ओझे पडलेले असेल. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात, पण उपाय तिन्हींचे वेगळे. पद्धत निवडण्याचे सारे मर्म यात आहे.

पूर्वेकडील देशांतला टाका आणि काप

जपान, कोरिया, चीन या देशांत अनेक लोकांच्या वरच्या पापणीला ही घडी जन्मतःच नसते. त्यात आजार काही नाही, तो चेहऱ्याचा घाट आहे. तरीही तेथे हौसेने घडी पाडून घेणारे पुष्कळ आहेत. १८९६ साली जपानमध्ये मिकामो नावाच्या डॉक्टरांनी टाके घालून घडी पाडल्याची नोंद केली. पुढे १९२९ साली मारुओ या दुसऱ्या जपानी डॉक्टरांनी काप घेऊन घडी पाडण्याची रीत सांगितली. तेव्हापासून ‘टाका की काप’ हा वाद त्या देशांत चालू आहे, आणि त्याचे तेथे निघालेले उत्तर आपल्यालाही उपयोगी आहे.

टाक्याच्या पद्धतीत लांब काप घेत नाहीत. बारीक धागा दोन-चार ठिकाणी पापणीतून ओवून आतच गाठ मारतात. सूज लवकर उतरते, व्रण जवळजवळ राहत नाही आणि पसंत पडले नाही तर धागा काढताही येतो. पण पापणीची कातडी पातळ व घट्ट असेल, आत चरबी फार नसेल, तरच हा टाका टिकतो. जाड किंवा सैल पापणीत तो काही काळाने ढिला पडतो व घडी पुसट होते.

कापाच्या पद्धतीत घडीच्या रेषेवर चिरतात, जादा कातडी व चरबी काढतात आणि कातडी आतल्या पडद्याला शिवून टाकतात. सूज पूर्ण बसायला काही महिने लागू शकतात व बारीक व्रण घडीत लपून राहतो. घडी मात्र कायमची होते. चुकली तर दुरुस्तीही अवघड होते. या दोहोंच्या मधली, एक-दोन लहान छेद घेण्याची रीतही आहे.

म्हणजे जेथे काढून टाकण्यासारखे काही नाही तेथे टाका आणि जेथे काही काढायचे किंवा पक्के बांधायचे आहे तेथे काप. आपल्याकडे बहुतेकांना घडी असतेच, म्हणून या हौसेच्या शस्त्रक्रियेची गरज सहसा पडत नाही. आपल्याकडचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते नजरेशी बांधलेले आहेत. पण नियम तोच लागू पडतो.

लहान मुलाची ढळलेली पापणी

काही मुलांची एक किंवा दोन्ही पापण्या जन्मापासून खाली असतात. येथे बहुधा बैलच अशक्त असतो. स्नायू नीट तयार झालेला नसतो, म्हणून त्या पापणीवर घडीही पुसट असते किंवा नसतेच. मूल हनुवटी वर करून पाहते, भुवया ताणते. घरात म्हणतात, ‘लाडात येऊन मान वाकडी करतो’. तसे नसते. पापणीखालून पाहण्याची ती त्याची धडपड असते.

येथे रूपापेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली असते. पापणीने डोळ्याची बाहुली झाकली तर त्या डोळ्यातून मेंदूकडे चित्र जात नाही आणि मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकतच नाही. यालाच आळशी डोळा म्हणतात. पाहायला शिकण्याचे हे वय साधारण सात-आठ वर्षांपर्यंतचे असते. त्यानंतर पापणी कितीही सुंदर उचलली तरी गेलेली नजर परत आणणे फार कठीण होते. ‘पोरगी मोठी झाली की लग्नाच्या आधी करू’ हा हिशेब म्हणून घातक आहे. बाहुली झाकली जात असेल तर अगदी लहानपणीच शस्त्रक्रिया करतात. बाहुली उघडी असेल तर डॉक्टर नजर व चष्म्याचा नंबर तपासत राहतात आणि बहुधा शाळेत जायच्या सुमारास शस्त्रक्रिया करतात.

पद्धत कशी ठरते? डॉक्टर भुवई अंगठ्याने दाबून धरतात, मुलाला आधी खाली व मग वर पाहायला सांगतात आणि पापणी किती मिलिमीटर उचलली जाते ते पट्टीने मोजतात. चांगल्या पापणीत हे अंतर साधारण १२ ते १५ मिलिमीटर भरते. ४ मिलिमीटरपेक्षा बरेच जास्त असेल तर बैलात दम आहे असे समजून तोच स्नायू आखूड करून बांधतात. ४ किंवा त्याहून कमी असेल तर त्या स्नायूवर भरवसा ठेवत नाहीत. तेव्हा पापणी कपाळाच्या स्नायूला टांगतात. म्हणजे भुवई उचलली की पापणी उचलली जाते. बैल बदलला, असे म्हणा.

टांगण्यासाठी दोर कोणता, हाही प्रश्न असतो. सिलिकॉनची बारीक दोरी अगदी लहान मुलातही वापरता येते व पुढे घट्ट-सैल करता येते, पण काही वर्षांनी ती सैल पडू शकते. मांडीतून काढलेली स्वतःच्या शरीराची चिवट पट्टी अधिक टिकते. परंतु त्यासाठी मूल तीन-चार वर्षांचे तरी व्हावे लागते आणि मांडीवर एक व्रण येतो. टांगलेली पापणी झोपेत पूर्ण मिटत नाही, हे आईबापांनी आधीच समजून घ्यावे. रात्री डोळ्यात मलम घालण्याचे काम बरेच दिवस सांभाळावे लागते. ते चुकले तर डोळा कोरडा पडून बुबुळाला इजा होते.

उतारवयातील पापणी

आजी-आजोबांची पापणी खाली येते तेव्हा सर्वांना मोतीबिंदूच आठवतो. मोतीबिंदू काढला तरी वरचे दिसत नाही, झाडावरचा आंबा दिसत नाही, अशी तक्रार राहिली तर पापणीकडे पाहावे. बोटाने पापणी हलकेच वर उचलून धरा. लगेच जास्त दिसू लागले तर दोष पापणीचा आहे असे समजावे व तसे डॉक्टरांना सांगावे.

उतारवयात दोन गोष्टी होतात. एक, स्नायू चांगला असतो पण त्याचा पातळ पडदा पट्टीपासून सुटत जातो. दोराची गाठ सुटली. अशा पापणीवरची घडी पूर्वीपेक्षा वर सरकलेली दिसते. लग्नातला जुना फोटो शेजारी धरला की फरक कळतो, म्हणून असा फोटो दवाखान्यात बरोबर न्यावा. येथे काप घेऊन पडदा पुन्हा जागेवर बांधतात. कातडी बधिर करून हे काम होते आणि मध्येच डॉक्टर ‘डोळे उघडा’ असे सांगून दोन्ही पापण्या सारख्या झाल्या का ते पाहतात. उतार थोडाच असेल तर काही जणांत पापणीच्या आतल्या बाजूने, बाहेर व्रण न ठेवता, ही शस्त्रक्रिया करता येते.

दुसरे, पापणी जागेवरच असते पण तिची कातडी सैल होऊन केसांवर लोंबते. मोटेवर ओझे आले. येथे टाक्याने भागत नाही, कारण जादा कातडी तशीच राहते. मोजून कातडी काढावी लागते. ती जास्त काढली गेली तर डोळा मिटत नाही, म्हणून ‘चांगली ताणून काढा’ असा आग्रह धरू नये.

‘लेझर’ हा शब्द येथे फार ऐकू येतो. पापणीच्या कामात लेझर हे मुख्यतः कापण्याचे एक साधन आहे. विळा बदलला म्हणून पीक बदलत नाही. काय कापायचे, किती कापायचे, कोठे बांधायचे, हे डॉक्टरांच्या हाताने व डोळ्यानेच ठरते.

आत वळलेली पापणी

आपल्या घरांत सर्वांत दुर्लक्षित दुखणे हे आहे. वयाने खालची पापणी सैल पडते व आत वळते. मग तिचे केस बुबुळावर घासत राहतात. डोळा लाल, पाणी गळते, काहीतरी खुपते. वरच्या पापणीत हे पूर्वी खुपऱ्यांमुळे फार होत असे. खुपऱ्या वारंवार होऊन पापणीच्या आत व्रण पडत व ती आत ओढली जाई. त्यासाठी देशात १९६३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्यांपासून मुक्त झाल्याचे मान्य केले. मोठेच यश आहे. परंतु लहानपणी खुपऱ्या झालेल्या म्हाताऱ्या माणसांच्या पापण्यांवरचे व्रण आजही राहिलेले असू शकतात.

घरोघरी यावर एकच उपाय चालतो : चिमट्याने केस उपटणे. केस पुन्हा येतो, आखूड व टोकदार येतो आणि जास्त टोचतो. त्यातच भात झोडताना तूस उडून डोळ्यात गेले, तर आधीच घासून सोललेल्या बुबुळावर जखम होते, ती पिकते आणि पांढरे फूल पडते. फूल पडले की पापणी सुधारूनही नजर येत नाही.

खालच्या पापणीसाठी टाका आणि काप दोन्ही आहेत. टाक्याने पापणी बाहेर वळवण्याचे काम दहा-पंधरा मिनिटांचे आहे. फार थकलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या किंवा मोठी शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या माणसाला ते वरदान आहे. पण दीड-दोन वर्षांत काही जणांची पापणी पुन्हा आत वळते. टाक्यांबरोबर पापणीची बाहेरची कड घट्ट करून हाडाजवळ बांधली तर ती पुन्हा वळण्याचे प्रमाण खूपच कमी होते. म्हणून हिंडते-फिरते, शेतात काम करणारे माणूस असेल तर थोडी मोठी पण टिकाऊ पद्धत का करू नये, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. खुपऱ्यांच्या व्रणाने वळलेल्या वरच्या पापणीला मात्र नुसता टाका पुरत नाही. आतली चिवट पट्टी छेदून केसांची कड बाहेर फिरवावी लागते. एखाद-दुसराच केस आत गेला असेल तर विजेच्या सुईने किंवा गोठवून त्याचे मूळ जाळतात.

शस्त्रक्रियेची नव्हे, धावपळीची वेळ

पापणी अचानक ढळली तर पद्धतींचा विचार करत बसू नये. भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात हे पहिल्यांदा ध्यानात ठेवावे. रात्री जमिनीवर झोपलेले माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठले, पापण्या जड झाल्या, बोलणे घोगरे झाले, गिळता येईना, तर मण्यार चावली असण्याचा संशय घ्यावा. मण्यारीच्या दातांची खूण अनेकदा दिसतही नाही, सूजही येत नाही. नागाच्या विषानेही पापण्या पडतात. मांत्रिकाकडे न नेता थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. तेथे सर्पविषावरील लस आणि गरज पडली तर श्वास चालू ठेवण्याचे यंत्र, याच दोन गोष्टी जीव वाचवतात. वरंधा घाट उतरला की लागणाऱ्या महाडात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंश व सर्पदंश यांवर दीर्घकाळ काम केले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा दंशात वेळेवर मिळालेले उपचार किती मोलाचे असतात, हे त्यांच्या कामातून दिसते.

एका डोळ्याची पापणी एकाएकी पडून डोके भयंकर दुखू लागले, एकाचे दोन दिसू लागले किंवा हातपाय लुळे पडू लागले, तर तेही त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याचे कारण आहे. पापणी सकाळी ठीक व संध्याकाळी जड होत असेल तर तो स्नायूंचा वेगळा आजार असू शकतो. त्याला आधी औषध लागते, चाकू नव्हे.

कोठे दाखवावे, काय विचारावे

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा भोरच्या सरकारी रुग्णालयात दाखवून पुढची चिठ्ठी घ्यावी. पुण्यात ससून रुग्णालयाचा नेत्रविभाग आहे, तसेच पुणे अंधजन मंडळाचे ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय हडपसरच्या बाजूला आहे. पापणीचे काम नेहमी करणारे नेत्रतज्ज्ञ निराळे असतात. मोतीबिंदूचे नामवंत डॉक्टर पापणीचेही करतातच असे नाही. अंगणवाडी व शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्याला मुलाची पापणी मुद्दाम दाखवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वी विचारावे. पापणीमुळे नजर अडते अशी नोंद कागदावर असणे येथे महत्त्वाचे ठरते.

डॉक्टरांना पुढील गोष्टी न संकोचता विचाराव्यात :

१. पापणी खाली येण्याचे कारण स्नायू, पडदा की कातडी?
२. पापणी किती मिलिमीटर उचलली जाते?
३. हीच पद्धत का? दुसरी का नको?
४. किती वर्षे टिकेल? पुन्हा करावी लागली तर करता येईल का?
५. डोळा पूर्ण मिटेल का? नसेल तर किती दिवस काळजी घ्यावी?
६. अशा किती पापण्या आपण दरवर्षी करता?

तिसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळाले नाही, नुसते ‘सगळ्यांना हीच करतो’ असे ऐकू आले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. त्यात कोणाचा अपमान नाही.

आधीची व नंतरची काळजी

जन्मापासूनच्या किंवा वयाच्या दुखण्यात घाई नसेल तर शेतीचा हंगाम पाहून दिवस धरावा. आषाढातल्या लावणीत चिखलात वाकायचे, किंवा काढणीच्या धुळीत झोडपणी करायची, आणि डोळ्यावर ताजे टाके, हे जमायचे नाही. भात घरात आल्यावर पंधरा दिवस मोकळे काढावेत. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. विडी-सिगारेटने जखम भरायला उशीर लागतो.

शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस स्वच्छ कपड्याने थंड शेक द्यावा, उशाला उंच घेऊन झोपावे. बाहेरचे टाके साधारण आठवड्याने काढतात. तोवर चुलीचा धूर, शेणकाम, ओझे, खाली वाकणे टाळावे. हळद, तूप, गुलाबपाणी, आईचे दूध यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणू नयेत. सूज व काळेनिळेपणा पहिले काही दिवस असतोच, त्याने घाबरू नये. पण दुखणे एकदम वाढले, डोळा ताठर होऊन पुढे आला किंवा दिसणे कमी झाले, तर रात्र असली तरी लगेच रुग्णालयात परत जावे. आत रक्तस्राव होऊन काही तासांत नजर जाऊ शकते.

पद्धत टाक्याची असो वा कापाची, लहान मुलाची पापणी लग्नासाठी राखून ठेवू नका आणि म्हाताऱ्या माणसाचे खुपणारे केस ‘वयाचे आहे’ म्हणून सोडून देऊ नका. आज संध्याकाळी जेवायला बसाल तेव्हा दिव्याच्या उजेडात घरातल्या सगळ्यांच्या पापण्यांकडे एकदा नीट पाहा. कोणाची बाहुली झाकलेली दिसली, कोणाचे केस आत वळलेले दिसले, तर या आठवड्यातच दाखवून या.